परवायिल्लै इल्लै

॥ श्री ॥

तंजावूर,
गुरुवार, १८ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप चिदंबरअण्णांस,

सुप्रभेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. कंबर धरली आहे, आणि वॉर्डात आडवं व्हायला रोग्याखेरीज कुणाला परवानगी नाही.) वत्सलावहिनींना नमस्कार, सौम्याला पुष्कळ आशीर्वाद. तिची दहावी जवळ आली म्हणून तुम्ही दोघं तिला पहाटे उठवत असाल. उठवू नका. त्या वयाच्या मुली पहाटे पुस्तकावर डोकं ठेवून झोपतात. तुझं पित्त कसं आहे? वहिनींचा गुडघा? इकडं पोंगल झाला, ऊस स्वस्त होता, हळदीची रोपं अजून दारात सुकत पडली आहेत. आता यापुढं 'इकडील सर्व कुशल' असं लिहायची आपली रीत. मी ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी कागदच बदलला. तेव्हा या पत्रात ते वाक्य नाही. घाबरू नकोस. घाबरायचंच असेल तर पत्र संपल्यावर घाबर, मध्ये घाबरलास तर काही कळायचं नाही.

परवा (म्हणजे मंगळवारी, या शब्दाचा पुढं घोळ होणार आहे म्हणून वार लिहिते) मी तुला एसटीडी बूथवरून फोन केला. तू विचारलंस, आई कशी आहे. समोर लाल आकडे पळत होते, मागं रांग लागली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "परवा नाही." तू विचारलंस, "कुणाला पर्वा नाही?" मग तूच हसलास. पुण्यात इतकी वर्षं काढून तू इकडचं बोलणं विसरलास, त्याला कोण काय करणार! तमिळात परवायिल्लै म्हणजे ठीक आहे, चालेल, हरकत नाही. आणि आपल्या तंजावूरच्या मराठीनं त्याचंच 'परवा नाही' करून घेतलं. तुला ते आठवलं, तू निश्चिंत झालास, आणि म्हणालास की मग सौम्याची परीक्षा आटोपून मे महिन्यात सगळेच येतो. मी हो म्हटलं. बूथच्या बाहेर आले, मागच्या माणसानं बातमी चांगली का म्हणून विचारलं, तर त्यालाही परवायिल्लै सांगितलं. घरी जाऊन जेवले नाही.

तर या पत्रात प्रश्न एकच आहे. आत्या, म्हणजे तुझी आई, तीन आठवडे आमच्या इस्पितळात दोन नंबरच्या कॉटवर आहे, आणि तू मे महिन्यात यायचं की त्याआधी, एवढं ठरवायचं आहे. तू म्हणशील, मग सरळ सांग ना! सांगते. पण क्रमानं सांगू दे, मला दुसरं येत नाही. (आत्या माझ्यासमोरच बसली आहे. कुणाला लिहितेस म्हणून दोनदा विचारून झालं. तिला तमिळ वाचता येतं, देवनागरी नाही, म्हणून तर तिच्या नाकासमोर बसून हे लिहिता येतं. पुण्यात तुझ्या घरी राहून तीन वर्षं नर्सिंग शिकले, त्याचा हा उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?)

तार का नाही केली, हेही सांगून टाकते. तारेत एकच मजकूर बसतो: मदर सीरियस, ताबडतोब नीघ. आणि आपल्या लोकांत सीरियस म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. कुणी गेल्याशिवाय सीरियस होत नाही. सुब्रमण्यममामांना मागं खरोखरच नुसतं सीरियस झालं होतं, तशी तार त्यांच्या धाकट्यानं भाबडेपणानं केली, तर मद्रासपासून कोईमतूरपर्यंतचे सगळे गाडीतच रडून-बिडून मोकळे होऊन आले आणि दार कुणी उघडलं? मामांनी. थोरल्या जावयानं वाटेत त्रिचीला उतरून विधींसाठी नवं धोतर घेतलं होतं. मामांनी ते दिवाळीला नेसलं, पण त्या जावयाशी पुढं कधी धड बोलले नाहीत. तेव्हा तुला तार केली असती तर तू वहिनींना मिठी मारून रडला असतास, आणि ते खोटं झालं असतं. इकडं दोनच शब्द आहेत बघ, परवायिल्लै आणि सीरियस. मधे काही नाही. आणि माझी नोकरी नेमकी त्या मधल्या जागेत आहे.

ती नोकरी कशी लागली ते ऐक. आमचे मोठे डॉक्टर, कल्याणराम, गेल्या वर्षी मद्रासला यंत्रांचं प्रदर्शन बघायला गेले. पूर्वी असलं यंत्र परदेशातून आणायचं तर परवान्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागायच्या, मधेच निवृत्त व्हायची वेळ यायची. आता देश उघडला म्हणतात. तंजावुरापर्यंत त्यातून तीन गोष्टी पोचल्या: रंगीत बाटल्यांतलं सरबत, केबलचा टीव्ही आणि डॉक्टर कल्याणरामांचं श्वासाचं यंत्र. सोबत चार मॉनिटर. चादरी ठेवायची खोली रिकामी करून तिथं चार कॉट लावल्या आणि दारावर तमिळात मोठी पाटी रंगवली, 'तीविर सिकिच्चै पिरिवु', म्हणजे तीव्र उपचारांचा विभाग. झालं! तमिळ पेपरात अतिरेक्याला तीविरवादी म्हणतात, आणि गेली काही वर्षं पेपरात दुसरं काही नसतं. पहिला आठवडाभर गावाकडची माणसं पाटी वाचून लांबूनच वळायची, आणि कुंभकोणमच्या एका म्हातारबुवांनी वॉचमन नटराजला हळूच विचारलं की आत किती जणांना धरलंय. नटराजनं (मोठ्या मिशा, छोटी अक्कल) तितक्याच हळूच सांगितलं की सध्या दोघं, पण अजून येणार आहेत.

यंत्र आलं, पाटी आली, नर्सेस कुठून आणायच्या? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! मोठ्या शहरात शिकलेल्या मुली सौदीला जातात, तंजावूरला येत नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी मला सहा आठवडे मद्रासला पाठवलं आणि परत आल्यावर जनरल वॉर्डातल्या आठ मुली माझ्या पदरात टाकल्या. दिवाळीपर्यंत तयार करा म्हणाले. जशी काही लोणच्याची बरणी. मुली चांगल्या, अण्णा, कष्टाला वाघिणी. एकेकीनं चाळीस-चाळीस रोग्यांचा वॉर्ड ओढलेला. पण चाळिसांचा वॉर्ड ओढणारीला एकाच रोग्याकडं दिवसभर बघत बस म्हटलं, की ती काय करते? मॉनिटरकडं बघत बसते. शुक्रवारी टीव्हीवर सिनेमाची गाणी लागतात तेव्हा बसतात तशा ओळीनं बसल्या, रोग्याकडं पाठ करून. एकदा एका बस कंडक्टरच्या छातीवरची तार निसटली आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली. दोघी रडायलाच लागल्या, तिसरीनं देवाचं नाव घेतलं, आणि मागून कंडक्टरनं विचारलं, "कोण गेलं?"

(उठून आले. एक नंबरचा अलार्म वाजत होता, काही नव्हतं, त्यानं कुशीवर वळून नळी दाबली होती. आज कशातच लक्ष लागत नाही. पेन कुठं ठेवलं ते शोधण्यात आणखी वेळ गेला, ते आत्याच्या हातात होतं. पत्त्याची बाजू दाखव म्हणाली.)

ऑक्टोबरात आयुधपूजा आली. तुला आठवतच असेल, त्या दिवशी इकडं ज्यानं पोट भरतं त्या सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. नांगर, कात्री, टाइपरायटर, बस. मी रजेवर होते. मुलींनी चारही मॉनिटर पुसून चंदनाची बोटं ओढली, आणि श्वासाच्या यंत्राला, ते सर्वांत महाग म्हणून, शेवंतीचा जाड हार घातला. तो बरोबर यंत्राच्या हवेच्या जाळीवर. यंत्र बापडं आत गुदमरलं आणि ऐन आरतीला त्यानं टाहो फोडला. बाहेर कळेना की घंटा कुठली आणि अलार्म कुठला. डॉक्टरांच्या पत्नीनं तर मुहूर्ताला यंत्र आपणहून बोललं म्हणून डोळे मिटून हात जोडले. नशीब, तेव्हा त्या यंत्रावर कुणी रोगी नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना ओळीनं उभं करून विचारलं की अलार्म वाजत होता तर कुणी बघितलं का नाही. तर भुवना म्हणून एक आहे, तिरुवैयारूकडची, मुंगीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोलते, ती म्हणाली की पूजा चालू असताना वाईट काही मनात आणू नये.

तिथं मला रोग सापडला. मुलींना कळत नव्हतं असं नाही. मनात आणायचं नव्हतं. सकाळी ड्यूटी बदलताना मी एकेका कॉटपाशी विचारायची, कसा आहे, तर उत्तर परवायिल्लै. उद्या घरी जाणाराही परवायिल्लै, आणि ज्याची लघवी कालपासून बंद तोही परवायिल्लै. वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. त्यातून ते नातेवाइकांसमोर कसं बोलायचं? डॉक्टरांना फोन करावा आणि काहीच निघालं नाही तर डॉक्टर ओरडतात. फोन न करता रोगी गेला तर ती देवाची मर्जी, आणि देव ओरडत नाही. हिशेब चोख आहे. मी तो शब्दच बंद केला. जी परवायिल्लै म्हणेल तिनं दिवसभर वॉर्डातली सगळी बेडपॅन उचलायची. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी सगळे रोगी 'कोंजम डल्ल' झाले. म्हणजे जरा मलूल. मग तोही शब्द बंद केला. मलूल म्हणजे काय ते सांगा, म्हटलं. कपाळ गार आहे? श्वास भरभर चाललाय? काल तुला नावानं हाक मारत होता, आज का मारत नाही? जे डोळ्यांना दिसतं ते तोंडानं सांगा. हे सांगताना मला माझाच आवाज मोठा गोड लागत होता. शिकवणाऱ्याचा आवाज असा असतो, आपल्याला सगळं येतं असं त्यालाच पटत जातं.

सरावाला रोगी हवा, तर नटराजला झोपवलं. (उत्तरेकडं डोकं करून झोपणार नाही म्हणाला, म्हणून दर वेळी ती लोखंडी कॉट फिरवायची. माझी कंबर तिथंच गेली.) त्याला सांगितलं, तुला न्यूमोनिया झालाय, हळूहळू बिघडत जा. तो बिघडला तो सिनेमातल्यासारखा. उठून बसला, भुवनाचा हात धरला, धाकट्या बहिणीचं लग्न तिच्यावर सोपवलं, गावाला आशीर्वाद दिला आणि कोसळला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारला. खरा रोगी कधी असा गाजावाजा करून बिघडत नाही, अण्णा. तो आधी चिडतो, पांघरूण फेकतो, पाणी नको म्हणतो, मग गप्प होतो, आणि आपल्याला वाटतं चला, डोळा लागला. हे मी नटराजला समजावलं. पुढच्या वेळी तो गप्प पडला, आणि इतका मन लावून पडला की खरंच घोरायला लागला. गेटवर कुणीच नव्हतं, एक गाय ओपीडीपर्यंत येऊन गेली.

नमनाला घडाभर तेल झालं, तुझा चहा गार झाला असेल. आता आत्याचं सांगते. मार्गळी महिन्यात पहाटेच्या दवात दारात कोलम घालायचा तिचा नेम. मी नको नको म्हणत असताना गार पाण्यानं आंघोळ करून तिनं अर्धी गल्ली भरेल एवढी रांगोळी काढली आणि नाताळच्या सुमारास छाती भरून आली. मी तिला आमच्याकडं आणली, छातीत कफ झाल्याचं तुला कळवलं, ते खरंच होतं. पहिले चार दिवस तिनं वॉर्डावर राज्य केलं. कॉफी पाणचट, उशी कडक, भुवनाची वेणी सैल. भुवनाला ती "मेले" म्हणून हाक मारायची. त्या पोरीला मराठी कळत नाही, तिला वाटलं हे लाडाचं नाव. आता ती 'मेली' म्हटलं की ओ देते आणि मी अर्थ सांगितलेला नाही.

मग एका दुपारी मी यंत्राच्या नळ्या आणायला त्रिचीला गेले. ड्यूटीवरचा पोरगेला डॉक्टर एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होता. मोठे डॉक्टर घरी. दहीभात जेवून ते पडले की तो एक तास त्यांना कुणी उठवत नाही, असा इस्पितळाचा अलिखित कायदा आहे. आणि दोन नंबरवर आत्यानं पांघरूण फेकलं, पाणी नको म्हणाली आणि गप्प झाली. भुवनानं ओठ बघितले. जांभळे. तिनं ऑक्सिजन वाढवला, आत्याला उशा लावून बसवलं, आणि डॉक्टरांच्या घरी फोन लावला. तो घेतला त्यांच्या पत्नीनं. त्या असल्या फोनवर कायम एकच प्रश्न विचारतात: "सीरियसा?" आता काय उत्तर द्यायचं? परवायिल्लै म्हणायला मी बंदी घातलेली. सीरियस म्हणावं तर त्याचा अर्थ सिस्टरची आत्या गेली, आणि सिस्टरला काय तोंड दाखवायचं? भुवना म्हणते, तिला श्वासाचे आकडे, नाडी, मी शिकवलेलं सगळं त्या क्षणी आठवत होतं पण ते जिभेवर येईना. शेवटी ती, जिचा आवाज मुंगीला कसाबसा ऐकू जातो ती, फोनमध्ये ओरडली, "परवायिल्लै इल्लै! परवायिल्लै इल्लै, अम्मा!" आणि रडू लागली.

ठीक आहे असं नाही. एवढाच अर्थ. असला शब्द तमिळात नाही, व्याकरणात बसत नाही. पण डॉक्टरांच्या पत्नीनं लग्न झाल्यापासून त्या फोनवर परवायिल्लै हजारदा ऐकलं होतं, परवायिल्लै नाही हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढली. डॉक्टर होते तसे, लुंगी आणि खांद्यावर टॉवेल, शेजाऱ्याची मोपेड घेऊन आले, तर गेटवर नटराजनं त्यांना अडवलं. भेटायची वेळ चार ते सहा. (नंतर म्हणाला, कपड्यांशिवाय ओळखलं नाही. लुंगी म्हणजे कपडे नव्हेत असं त्याचं मत.) त्याला ढकलून ते आत गेले आणि आत्याच्या घशात नळी घालून तिला यंत्रावर घेतलं. मी संध्याकाळी नळ्यांचं खोकं काखेत मारून आले तेव्हा ते यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. हे मी तुला त्या दिवशी कळवलं नाही. आणि नळी निघताच आत्यानं खुणेनं पहिली शपथ तीच घातली, चिदंबराला कळवायचं नाही.

चार दिवस ती यंत्रावर होती आणि ते चार दिवस मी सिस्टर नव्हते, नातेवाईक होते. डॉक्टरांनीच मला आत यायची बंदी केली, कारण मी मुलींच्या हातून वस्तू हिसकावून घेत होते. त्या पाटीखालच्या बाकावर बसले. मुली आळीपाळीनं बाहेर येत आणि मी शिकवलं तसं शब्दन् शब्द सांगत. ताप उतरला आहे, पण लघवी कमी आहे. हाक मारली की डोळे उघडते, पण हात उचलत नाही. उद्या नळी निघेल की नाही सांगता येत नाही. आणि मला इतका राग आला, अण्णा! मला ते नको होतं. मेल्यांनो, एकदा तरी परवायिल्लै म्हणा, खोटं म्हणा, मला घोटभर पाणी तरी जाईल, असं झालं. माझंच शिकवणं माझ्या अंगावर येत होतं. तो शब्द त्या का म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि मंगळवारी फोनवर तुला तोच का दिला तेही तुला कळेल. तू तिकडं एकटा फोन कानाला लावून उभा होतास. पाणी द्यावं तसा तो दिला.

पाचव्या दिवशी नळी निघाली. आता ती बसते, ताक-भात खाते, भुवनाची वेणी घट्ट घालून देते. इस्पितळभर आता रोगी तीन प्रकारचे आहेत, परवायिल्लै, सीरियस आणि मधले परवायिल्लै इल्लै. डॉक्टर कल्याणरामसुद्धा राउंडला तोच शब्द विचारतात आणि मुली न घाबरता सांगतात. दिवाळीऐवजी पोंगल उजाडला, पण आठही जणी तयार झाल्या. एवढं माझं ऐकून घेतलंस, बरं वाटलं. वहिनींना मेतकुटाची पाककृती हवी होती ती पुढं कधीतरी लिहीन. सौम्याला यश मिळो. आत्याची काळजी नसावी.

तुझी धाकटी बहीण,
सुप्रभा

ता. क. वर 'काळजी नसावी' असं हात आपोआप लिहून गेला. काळजी असावी.

ता. क. २. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार! आत्याचं हृदय दमलं आहे. छातीत पुन्हा पाणी भरणार, पंधरा दिवसांत की दोन महिन्यांत, ते डॉक्टरांना सांगता येत नाही, पण मे महिना ती बघेल असं त्यांना वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. पुन्हा नळी घालायची नाही, असं तिनं स्वतः डॉक्टरांना शुद्धीत सांगितलं आहे. आज ती हसते, ओळखते, भांडते. आपले सगळे लोक सीरियसला येतात, आणि मग वरातीमागून घोडं. तू परवायिल्लै इल्लैला ये. या आठवड्यात नीघ. सौम्याची परीक्षा आहे, तर वहिनी आणि ती राहू देत, तू एकटा ये. येऊन तुला करायचं काही नाही, मुली सगळं करतात. कॉटशेजारी बसायचं आणि बोलणी खायची. मला तू इथं हवा आहेस.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आत्यानं ओळखलंच. चिदंबराला लिहितेस ना, मग माझंही लिही म्हणाली, आणि मी लिहिते की नाही ते बघत बसली. ती म्हणाली ते तिच्याच शब्दांत खाली देते. मधे मधे ती दम घ्यायला थांबली, तिथं तिथं मी रेघ मारली आहे.

"चिदंबरा – मी परवा नाहीं – उगीच – रजा घालवूं – नक्को – मे महिन्यांत – ये – सावकाश."

हे मोठ्यानं वाच, आणि रेघांवर थांब.